वाढीव जोर

परप्रांती नोकरीनिमित्त राहणारी दोन मराठी माणसे प्रथमच भेटली, की त्यांच्या संभाषणाचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. "आपण मूळचे कुठले?" हा पहिला प्रश्न, "इकडे बदलून येऊन किती वर्षे झाली?" हा दुसरा. बंगळूरात मात्र आणखी एक तिसरा प्रश्न असतो, आणि तो पहिल्या दोहोंपेक्षा अधिक कळकळीने विचारला जातो : "घरून कचेरीत जायला वेळ किती लागतो?" या प्रश्नाचे उत्तर कोणी मैलांत किंवा किलोमीटरांत देत नाही. ते तासांत द्यावयाचे असते, आणि देताना एक सुस्कारा सोडावयाचा असतो.

सायंकाळी साडेसहाला सिल्क बोर्डाच्या चौकात किंवा हेब्बाळच्या पुलापाशी जो अडकला आहे, त्याच्या इंजिनात शंभर घोडे आहेत की दोनशे, याला पुढे उभ्या असलेल्या बसच्या लेखी काडीची किंमत नाही. तरीही गंमत अशी, की ज्या नगरात मोटारीला आपल्या अंगची शक्ती दाखविण्याची संधी क्वचितच लाभते, त्याच नगरात ती शक्ती वाढवून देणाऱ्या कारागिरांचा धंदा उत्तम चालतो. अमुक टक्के जोर वाढवून मिळेल, तमुक टक्के तेल वाचेल, अशी आश्वासने घेऊन ही मंडळी बसलेली असतात आणि त्यांच्या दारी तरुणांची रीघ असते. आम्ही या गोष्टीकडे बरीच वर्षे केवळ कौतुकाने पाहत होतो. आमचे शिक्षण यंत्रशास्त्राचे आणि नोकरी मात्र फायलींची. त्यामुळे यंत्राविषयी आमचे प्रेम अजून ताजे आहे, एवढे जाताजाता सांगितले पाहिजे.

परंतु गेल्या पावसाळ्यानंतर हा कौतुकाचा विषय आमच्या दाराशी चिंतेच्या रूपाने येऊन उभा राहिला. आमचे एक शेजारी लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. मूळचे निपाणीकडचे. त्यांच्या पुतण्याने बंगळूरच्या उत्तरेस, शहराबाहेर, रोपवाटिका काढली आहे. मुलगा कष्टाळू आहे. सकलेशपूरकडील कॉफीच्या मळ्यांना आणि पुढे घाटाखालच्या बागांना तो आपली रोपे स्वतः नेऊन पोचवितो. त्यासाठी त्याने कर्ज काढून एक पिकअप, म्हणजे लहान मालमोटार म्हणा, घेतली. ही गाडी स्वयंचलित गिअरची. क्लचचे पायडल नाही, दांडा सारखा हलवावयास नको. कोणा स्नेह्याच्या सांगण्यावरून त्याने तिला जोर वाढविणारा एक बॉक्स बसवून घेतला. आठ महिने सर्व सुरळीत चालले. नवव्या महिन्यात, शिराडी घाटात, माल भरलेला असताना, गाडीचा गिअर धरेना. इंजिन ओरडू लागले आणि चाके मात्र जागची हलेनात. समोरच्या काचेखाली तांबडा दिवा लागला. पुढे ती गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून बंगळूरास आणावी लागली.

गाडीची हमी अद्याप शिल्लक होती. हमीच्या काळात गिअरबॉक्स निकामी झाला, तर कंपनी तो फुकट दुरुस्त करून देते. पण हमीच्या कागदात एक ओळ अशीही होती, की गाडीत परस्पर फेरफार केल्यामुळे उद्भवलेल्या बिघाडाची जबाबदारी कंपनीवर नाही. बॉक्स विकणारा सांगत होता, "आमचा बॉक्स इंजिनाला लागतो, गिअरबॉक्सला नाही. दोन्ही वेगळ्या वस्तू. आमचा संबंधच नाही." आणि वर सल्ला देत होता, की बॉक्स काढून घ्या, दोन मिनिटांचे काम आहे, आणि मग गाडी कंपनीच्या कार्यशाळेत न्या.

शेजारी आमच्याकडे आले ते हा प्रश्न घेऊन. "आपण यंत्राचे जाणकार. बॉक्समुळे गिअरबॉक्स जाऊ शकतो का, एवढेच मला निश्चित सांगा. जाऊ शकत नसेल, तर पोराने तो काढून ठेवला यात मला गैर दिसत नाही. पण जाऊ शकत असेल, तर ते सांगितल्याशिवाय गाडी कार्यशाळेत जाता कामा नये." लेखापरीक्षणात आयुष्य गेलेल्या माणसाने प्रश्न कसा मांडावा, याचा हा नमुनाच होता. आम्ही दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी स्वयंचलित गिअरबॉक्सच्या पोटात थोडे डोकवावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये. आम्ही शक्य तितके थोडक्यात सांगतो. हर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन अभियंत्याने 1905 साली जहाजांसाठी एक युक्ती शोधून तिचे पेटंट घेतले. एका बंद भांड्यात समोरासमोर पात्यांची दोन चक्रे ठेवावयाची आणि मधे तेल भरावयाचे. एक चक्र इंजिन फिरविते. त्याने भिरकावलेल्या तेलाच्या रेट्याने दुसरे फिरू लागते. दोहोंचा एकमेकांस स्पर्श नाही. पुढे अमेरिकेत जनरल मोटर्सने 1940 सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी 'हायड्रामॅटिक' नावाचा स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आणला, त्यात अशाच तेलाच्या जोडणीचा उपयोग होता. आज या जोडणीच्या सुधारित रूपास टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. गाडी जागेवरून निघताना तो इंजिनाचा पीळ जवळजवळ दुपटीने वाढवून मागे पोचवितो. त्यामागे दंतचक्रांचे संच असतात, आणि कोणता संच केव्हा कामास लावावयाचा हे ठरविण्यासाठी अनेक पातळ चकत्यांचे क्लच असतात. हे क्लच पायाने दाबावयाचे नसतात. तेलाचा दाब त्यांना आवळून धरतो.

सारे मर्म या आवळण्यात आहे. चकत्या पुरेशा दाबाने आवळल्या, तर त्या एकजीव होऊन फिरतात. दाब कमी पडला, तर घसरतात. आणि घसरणे म्हणजे तापणे. हिशेब सोपा आहे. 400 न्यूटन-मीटर पीळ वाहून नेणारा क्लच मिनिटाला केवळ शंभर फेऱ्यांनी घसरला, तरी तेथे चार किलोवॉटहून अधिक उष्णता निर्माण होते. स्नानाचे पाणी तापविणारे दोन गीझर तळहाताएवढ्या जागेत कोंडून सुरू ठेवावेत, तसा हा प्रकार. चकत्यांवरचे अस्तर कागदासारख्या तंतूंचे असते, ते करपते. करपलेल्या अस्तराची काजळी तेलात मिसळते, तेल काळे पडते, तेच तेल झडपांच्या बारीक छिद्रांतून फिरते, आणि मग दाब आणखीच बिघडतो.

मग गिअरबॉक्स नेहमीच जास्तीत जास्त दाबाने क्लच का आवळून ठेवीत नाही? कारण तसे केल्यास प्रत्येक गिअर बदलताना गाडीस हिसका बसेल आणि तेलाचा पंप विनाकारण शक्ती खाईल. म्हणून दाब गरजेपुरताच ठेवतात. गरज किती, हे गिअरबॉक्सचा संगणक स्वतः मोजत नाही. इंजिनाचा संगणक त्याला क्षणोक्षणी वर्दी देत असतो : या घटकेला मी इतका पीळ देत आहे. त्या वर्दीवर विश्वास ठेवून गिअरबॉक्स आपला दाब ठरवितो. कचेरीत बसणाऱ्या वाचकांना ही पद्धत परकी वाटू नये. जिल्ह्यातून आलेल्या आकड्यांवरच मुख्यालय आपले मनुष्यबळ वाटीत असते.

आता बॉक्स काय करतो ते पाहू. हल्लीच्या डिझेल इंजिनात तेल मोठ्या दाबाने एका नळीत साठविलेले असते आणि तेथून ते सिलिंडरांत फवारले जाते. नळीतला दाब मोजणारा एक संवेदक इंजिनाच्या संगणकास खबर देतो. बॉक्स या संवेदकाच्या आणि संगणकाच्या मधे बसतो आणि खरा दाब आहे त्याहून कमी सांगतो. संगणकास वाटते, दाब कमी पडला, तो वाढवितो. फवारा उघडण्याची वेळ तीच, पण दाब अधिक, म्हणून प्रत्येक फवाऱ्याबरोबर तेल अधिक जाते आणि इंजिन अधिक पीळ देते. चालक खूष होतो. परंतु इंजिनाच्या संगणकास या वाढीव पिळाचा पत्ताच नसतो. तो आपल्या जुन्या हिशेबाने जुनाच आकडा गिअरबॉक्सला कळवितो. गिअरबॉक्स त्या आकड्यापुरताच दाब ठेवतो. क्लचवर मात्र वाढीव पीळ येऊन आदळतो.

बॉक्सवाल्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्याचा बॉक्स गिअरबॉक्सला कोठेही चिकटत नाही. पण गिअरबॉक्सला मिळणारी वर्दी तो खोटी करतो, आणि हानी तेथूनच सुरू होते.

जोर वाढविण्याची दुसरीही एक रीत आहे. तीत मधे बॉक्स न घालता इंजिनाच्या संगणकातले कोष्टकच बदलून लिहितात. काम जाणत्याने केले, तर नवा पीळ संगणकास ठाऊक असतो आणि वर्दी खरी जाते. त्याबरोबरच गिअरबॉक्सच्या संगणकातील दाबही वाढवून दिले, तर धोका बराच कमी होतो. पण कित्येक संगणकांत पिळाच्या कमाल मर्यादा नोंदलेल्या असतात. त्या ओलांडल्या की इंजिन जोर देईनासे होते. मग काही कारागीर मर्यादा न हलविता पिळाचे मोजमापच असे बदलतात, की आत वाढ होते आणि कागदावर ती दिसत नाही. तेव्हा बॉक्सची खोटी वर्दी दुसऱ्या दाराने परत येते.

गिअरबॉक्सला मर्यादा असते, हे कारखानदार लपवून ठेवतात असे नाही. त्याचा पुरावा बंगळूरपासून फार दूर नाही. म्हैसूरच्या रस्त्यावर बिडदी लागते. तेथे टोयोटा आणि किर्लोस्कर यांच्या भागीदारीतील कारखाना आहे. ही भागीदारी 1997 सालची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसविली, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. त्याच घराण्याचे नाव बिडदीच्या फाटकावर वाचताना परप्रांतीही थोडे घरचे वाटते. या कारखान्यातून 2021 साली निघालेल्या फॉर्च्युनर गाडीचे आणि 2022 साली आलेल्या हायलक्स पिकअपचे डिझेल इंजिन एकच : 2.8 लिटर, 204 अश्वशक्ती. पण हाताने गिअर बदलावयाच्या गाडीत त्या इंजिनाचा कमाल पीळ 420 न्यूटन-मीटर ठेवलेला, आणि स्वयंचलित गाडीत 500. म्हणजे एक मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला एका गाडीत सुमारे 43 किलो वजन टांगावे, दुसरीत 51. तेच इंजिन 500 देऊ शकते हे ठाऊक असूनही कारखान्याने एका गाडीत त्याचा हात आवरून धरला. कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही : जशी गिअरबॉक्सची ताकद, तसा इंजिनाला परवाना.

अमेरिकेत नेमके उलट उदाहरण सापडते. 2001 सालच्या डॉज पिकअपमध्ये कमिन्सचे 5.9 लिटरचे डिझेल इंजिन असे. सहा गिअरांच्या, हाताने चालवावयाच्या गाडीत ते 505 फूट-पौंड, म्हणजे सुमारे 685 न्यूटन-मीटर पिळापर्यंत मिळे. स्वयंचलित गिअरबरोबर मात्र ते 460 फूट-पौंडांचे, म्हणजे सुमारे 624 न्यूटन-मीटरचेच मिळे. तेथे नाजूक बाजू स्वयंचलित गिअरची होती. तेव्हा स्वयंचलित गिअरबॉक्स दुबळा आणि हाताचा बळकट, किंवा याच्या उलट, असा सरसकट नियम करता येत नाही. प्रत्येक जोडी कारखान्याने वजन करून जुळविलेली असते. बॉक्स बसविणारा या जोडीतील एकाच बाजूचे वजन वाढवितो.

एवढे पुस्तकी ज्ञान गोळा करून आम्ही जे. सी. रोडवर गेलो. बंगळूरात मोटारीचे सुटे भाग आणि ते जाणणारी माणसे यांचा हा जुना बाजार. तेथील एका गल्लीत केवळ स्वयंचलित गिअरबॉक्सचेच काम करणारे एक उस्ताद बसतात. वयाने साठीच्या घरातले, बोलणे दख्खनी, हात तेलाने कायमचे काळवंडलेले. त्यांनी आमचे सारे ऐकून घेतले आणि काही न बोलता एक वर्तमानपत्र जमिनीवर पसरून त्यावर दोन गाड्यांच्या चकत्या मांडल्या. दोन्ही करपलेल्या. स्टीलच्या चकत्यांवर तापून उठलेले निळे डाग. "यातली कोणती बॉक्सवाल्या गाडीची, ओळखा साहेब," ते म्हणाले.

आम्हांला ओळखता येईना. उस्ताद हसले. एक बॉक्सच्या गाडीची होती. दुसरीला कधीही बॉक्स लागला नव्हता. तिच्या मालकाने एक लाख किलोमीटरांवर गाडी चालवूनही गिअरबॉक्सचे तेल एकदाही बदलले नव्हते. "करपण्याची कारणे पुष्कळ," ते म्हणाले. "शहरातली रांग, जास्त वजन, जुने तेल, थंड करणारी जाळी तुंबणे. बॉक्स लागला म्हणून प्रत्येक गिअरबॉक्स जातो असे नाही. रिकामी गाडी सपाट रस्त्याने चालविणारे वर्षानुवर्षे चालवितात. बॉक्सही आणि घाटही आणि वजनही असे तिन्ही जमले, की मग माझ्याकडे येतात." घाटाचा मुद्दा त्यांनी बोटे नाचवून समजाविला. चढावर, कमी वेगात, टॉर्क कन्व्हर्टर कुलूपबंद होत नाही; आतले तेल स्वतःच घुसळून तापते. तापलेले तेल पातळ होते. पातळ तेलाने दाब धरणे कठीण. त्यात इंजिन सांगितल्यापेक्षा अधिक रेटा देत असेल, तर क्लचने टिकावे कसे?

दुसऱ्या दिवशी उस्ताद आमच्याबरोबर रोपवाटिकेत आले. गिअरबॉक्स उघडावयाचा नाही, असे आमच्या शेजाऱ्यांनी बजावले होते; उघडला तर हमीचा प्रश्नच संपला असता. त्यांनी बुचातून थोडे तेल काढून बोटावर घेतले, हुंगले आणि रुमालाला पुसले. रुमालावर काळा डाग उमटला. मग आपले तपासणीचे यंत्र गाडीला जोडले. गिअरबॉक्सच्या संगणकाने तिसऱ्या आणि चौथ्या गिअरात घसरण होत असल्याची नोंद ठेवलेली होती. आणि त्याच क्षणी इंजिनाने कळविलेला पीळ मात्र नेहमीच्या मर्यादेतला! तेल वेळेवर बदललेले होते, गळती नव्हती, जाळी स्वच्छ होती.

पुतण्याला उस्तादांनी एकच विचारले : "घाटातल्या दिवसाच्या आधी गाडीने काही सांगितले होते का?" मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दोनतीन महिन्यांपासून गिअर बदलताना इंजिनाचे फेरे उगीच वाढत, आणि मग गाडी उचल घ्यायची. मला वाटले, वाढलेल्या जोराचीच ती खूण." उस्तादांनी मान हलविली. गिअरबॉक्सचा संगणक अगदीच भोळा नसतो. इंजिनाकडून येणाऱ्या आणि आपल्याकडून जाणाऱ्या फेऱ्यांची तो तुलना करतो. घसरण दिसली, की पुढच्या वेळी दाब थोडा वाढवितो. अशा रीतीने तो बरेच दिवस निभावून नेतो. पण या निभावण्याला अंत असतो. पहिले आठ महिने काही झाले नाही म्हणून बॉक्स निर्दोष, हे अनुमान त्यामुळे टिकत नाही. ते आठ महिने गिअरबॉक्स आपल्या शिलकीतून खर्च करीत होता.

त्या संध्याकाळी शेजाऱ्यांच्या घरी आम्ही आपले उत्तर दिले. बॉक्समुळे गिअरबॉक्स जाऊ शकतो. आणि या गाडीत तो बॉक्समुळेच गेला, असे सर्व खुणा सांगतात.

कोणी काही बोलेना. पुतण्याच्या पुढे बँकेचा हप्ता होता, घाटाखालच्या बागांना कबूल केलेली रोपे होती, आणि दुरुस्तीचा खर्च लाखांच्या घरात जाणार होता. तो हळूच म्हणाला, "काका, बॉक्स काढून ठेवला तर कार्यशाळेत कोणाला कळणारही नाही. कंपनी मोठी आहे. तिला एका गिअरबॉक्सचे काय?"

हा युक्तिवाद तुच्छतेने झटकून टाकावा असा नव्हता. बॉक्स काढला, की त्याची खूण मागे राहतेच असे नाही. कार्यशाळेने कदाचित काही न विचारता नवा गिअरबॉक्स बसवून दिलाही असता. ज्याचे सर्वस्व एका गाडीवर उभे आहे, त्याला हा मार्ग दिसला तर त्यात नवल काय? आम्ही शेजाऱ्यांच्या तोंडाकडे पाहिले. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "हे बघ बाळ, माझी सारी नोकरी दुसऱ्यांच्या वर्द्या तपासण्यात गेली. खोटी वर्दी देणारे सगळेच चोर नसत. पुष्कळ जण तुझ्यासारखेच अडलेले असत. पण त्यांच्या आकड्यांवर भरवसा ठेवून कोणीतरी पुढचे काम करी, आणि शेवटी भार त्याच्या अंगावर पडे. आता एवढ्यातच तू समजून घेतलेस ना, तुझा गिअरबॉक्स कशाने गेला ते?"

मुलाने पुढे वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी बॉक्स आणि त्याच्या वायरी एका पिशवीत घालून तो काकांबरोबर कार्यशाळेत गेला आणि पिशवी तेथील अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवली. निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. गिअरबॉक्सची हमी नाकारली गेली. गाडीच्या उरलेल्या भागांची हमी कायम राहिली. खरे सांगितल्याचे बक्षीस म्हणून खर्चात सूट मिळाली असती, तर ही हकीकत अधिक रुचकर झाली असती. पण तसे झाले नाही. एवढे मात्र झाले, की कारण माहीत असल्यामुळे दुरुस्ती नेमकी झाली. क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टर बदलले, झडपा व जाळी धुऊन काढली, आणि दाबाची कोष्टके पुन्हा मूळपदावर आणली. काकांनी आपली एक मुदतठेव मोडली. मोडताना पुतण्याकडून रेघी कागदावर परतफेडीचे हप्ते लिहून त्यावर सहीही घेतली. लेखापरीक्षक निवृत्त होतो तो केवळ कागदोपत्री.

या प्रकरणानंतर कचेरीतले दोघेतिघे तरुण सहकारी आम्हांला विचारून गेले, की मग जोर वाढवूच नये काय? कायद्याची बाजू त्यांना आधी सांगितली. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम, नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करण्यास मालकाला मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा फेरबदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते; जास्तीच्या तेलाने ती लवकर तुंबते. अमेरिकेत हा प्रकार इतका फोफावला, की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांमधील धूर शुद्ध करणारी साधने मालकांनी निकामी करून घेतली, असा तेथील पर्यावरण खात्याचा 2020 सालचा अंदाज आहे. जोर वाढविणे आणि ही साधने काढणे हे उद्योग तेथे एकमेकांचा हात धरून चालले.

इतके ऐकूनही ज्याची हौस उरते, त्याला आम्ही तीन प्रश्न कारागिराला विचारावयास सांगतो. या गिअरबॉक्सची पिळाची मर्यादा किती, आणि आपण तिच्या आत राहणार की बाहेर? वाढविलेला पीळ गिअरबॉक्सच्या संगणकास खरा कळणार की नाही? आणि क्लच तापला, तर ते मला कोठे दिसेल? पहिल्या प्रश्नाला आकडा आला नाही, दुसऱ्याला हसू आले, किंवा तिसऱ्याला "काही होत नाही" असे उत्तर आले, तर नमस्कार करून बाहेर पडावे. ज्याला घाटातून माल न्यावयाचा आहे, त्याने तर प्रश्नही विचारू नयेत. मुळातच अधिक ताकदीची गाडी घ्यावी, किंवा असलेल्या गाडीचे ओझे कमी करावे; गिअरबॉक्सचे तेल सांगितल्यापेक्षा थोडे आधीच बदलावे; चढावर गिअर स्वतः खाली घालून ठेवावा; आणि गिअर बदलताना फेरे उगीच वाढू लागले, तर त्याच आठवड्यात गाडी दाखवावी. ती खूण जोराची नसते.

पुतण्याने दुसरा मार्ग पत्करला. पूर्वी एका खेपेत नेत असलेली रोपे तो आता दोन खेपांत नेतो. एक दिवस अधिक जातो, तेल अधिक लागते, आणि महिन्याचा हिशेब काकांना दाखविताना तो खर्च वेगळ्या रकान्यात लिहावा लागतो.